वावराच्या मधातलं कणीस

कोजागिरी झाली की दुसऱ्या दिवशी माझ्या सासूबाई जुनं लुगडं फाडायला बसत. लुगडं लालच लागायचं, आणि स्वतःचंच. त्याच्या बोटभर रुंदीच्या चिंध्या करायच्या, त्या ओच्यात खोचायच्या आणि सकाळच्या उन्हात एकटीनं ज्वारीच्या वावरात शिरायचं. मी शहरातली, इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानदाराची मुलगी. चौसष्ट साली लग्न होऊन या घरात आले, तेव्हा मला वाटलं की म्हातारीला कसला तरी नवस फेडायचा असेल. तसं मी नवऱ्याला विचारलंही. आमच्या मधुकररावांना पोटात काही ठेवता येत नाही. संध्याकाळपर्यंत माझा नवस गावभर झाला.

मी त्यांना आत्याबाई म्हणत असे, गाव प्रयागबाई म्हणे. इथे गावाचंच नाव चालवते, कारण जे सांगायचं आहे ते गावाच्याच प्रयागबाईंचं आहे. उमरेडच्या एसटीनं फाट्यावर उतरायचं आणि दीड कोस चालायचं, म्हणजे आमचं गाव. घरची चार एकर ज्वारी, बाकी कापूस आणि त्यात मधूनमधून तुरीच्या ओळी. आश्विन-कार्तिकात आमच्या घरी टेकायला कुणाला सवड नसे. पावसानं पोपडे निघालेल्या भिंतींना पांढरी माती द्यायची, गोठ्याची जमीन उकरून नवी ठोकायची, ओलं जळण उन्हात पसरायचं, हरभऱ्याचं रान तयार करायचं. तोवर कापूस फुटायचा आणि वेचणाऱ्या बायका सकाळीच दारात उभ्या राहायच्या. या सगळ्या धांदलीत प्रयागबाई चिंध्यांसाठी मात्र चार सकाळी राखून ठेवत. त्या वेळी घर जळालं तरी त्या वावरातून बाहेर आल्या नसत्या.

काम काय, तर पुढच्या वर्षीचं बियाणं निवडायचं. उभ्या पिकातून चालत जायचं, एकेक झाड खालपासून वरपर्यंत पाहायचं, पसंत पडलं तर कमरेच्या उंचीवर धांड्याला लाल चिंधी बांधायची. कापणीच्या वेळी चिंधीची झाडं वेगळी काढली जात. त्यांची कणसं चुलीवरच्या आडव्या बांबूला टांगायची, महिनाभर धूर खाऊ द्यायची, मग झोडून दाणे राखेत घोळवून गाडग्यात भरायचे आणि तोंड शेणमातीनं लिंपायचं. मृगापर्यंत त्या गाडग्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

पहिल्या वर्षी मी हौसेनं त्यांच्या मागे गेले. वावराच्या कडेलाच, धुऱ्याला म्हणजे बांधाला लागून, वीतभर लांब आणि मुठीत न मावणारं कणीस मला दिसलं. मी चिंधी मागितली. प्रयागबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हात मागे घेतला. धुऱ्यावरच्या झाडाला ऊन मिळतं, वारा मिळतो, पाय पसरायला जागा मिळते, तिथं कुणीही माजेल, असं त्यांचं म्हणणं. वावराच्या मधात, दाटीत, चारी बाजूंनी शेजारी रेटत असताना ज्यानं कणीस धरलं आणि जे वाऱ्यात लोळलं नाही, तेच बियाण्याचं. मग कणसाची मान पाहायची, चिमण्यांनी किती टोचलं ते पाहायचं, शेवटी एक दाणा दाढेखाली फोडायचा. हे सगळं जमलं तर चिंधी.

गावातली निम्मी घरं हेच बियाणं नेत. प्रयागबाई त्याबद्दल काही घेत नसत. अट एकच. ज्यानं बियाणं नेलं त्यानं आश्विन संपायच्या आत आपल्या वावरातलं एक कणीस आणून त्यांना दाखवायचं. त्या ते हातात घेऊन फिरवीत, दाणा फोडीत, काय बरं आणि काय वाईट ते तोंडावर सांगत आणि ओसरीच्या बांबूला बांधून टाकत. दिवाळीपर्यंत तो बांबू कणसांनी वाकून जाई आणि चिमण्यांचा नुसता कालवा चाले. येणारा-जाणारा बांबूकडे पाही, आणि प्रयागबाई बांबूकडे पाहणाऱ्याकडे पाहत. एवढाच त्यांचा थाट होता. अंगावर सोनं नव्हतं की तोंडात गोड शब्द नव्हता.

या कणसांपैकी एक दरसाल तुळसाबाईचं असे. नाल्याकाठी तिचं अर्ध्या एकराचं तुकडं होतं आणि आमच्याकडे ती कापूस वेचायला येई. तिनं आणलेलं कणीस पाहिलं की प्रयागबाई ठरल्याप्रमाणे म्हणत, "हे धुऱ्यावरचं हाय, तुळसे." आणि ते असेच. चांगलं दिसावं म्हणून ती बिचारी कडेचं मोठं कणीस तोडून आणी. बायका हसत, तुळसाबाईही हसे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तसंच घेऊन येई.

सदुसष्ट साली गावात हायब्रीड आलं. शेजारच्या रुपरावांनी उमरेडहून सगळ्यांसाठी पिशव्या आणल्या, एसटीच्या टपावर टाकून. खत किती घालायचं ते ऐकून आले, बाकी काही ऐकून आले नाहीत. मधुकररावांनी चारही एकरांत हायब्रीड पेरलं. प्रयागबाईंनी आषाढभर त्यांच्याशी धड बोलणं केलं नाही. भाकरी वाढायच्या, पण ताटाकडे पाहून. पीक कमरेएवढं झालं आणि थांबलं, तेव्हा त्या म्हणाल्या की असल्या धांड्यांचा कडबा बैल खाणार की बकऱ्या. पण दसऱ्याच्या सुमाराला कणसं भरली. जिकडे पाहावं तिकडे मुठीत न मावणारं कणीस. एक लहान नाही, एक मोठं नाही. त्या रोज वावरात जाऊन उभ्या राहत आणि परत येत. चौथ्या दिवशी मला म्हणाल्या की असं पीक मी जन्मात पाहिलं नव्हतं. आवाजात कौतुक होतं आणि मला त्याचा राग आला, कारण माझं कौतुक त्यांनी तीन वर्षांत एकदाही केलं नव्हतं.

राग यायला दुसरंही कारण होतं. आदल्याच दिवशी मी सबंध ओसरी एकटीनं सारवली होती. कंबर मोडली, पण बोटांची वळणं अशी उमटली होती की माझी मलाच दृष्ट लागावी. पाणी आणून येते तर प्रयागबाई शेणाचं घमेलं घेऊन तीच ओसरी पुन्हा सारवत बसलेल्या. वेचणीच्या बायका पाहत होत्या. मी घागर उतरवली, आत गेले, आणि त्या दिवसापासून मोजकंच बोलायचं ठरवून टाकलं. माझा राग माहेरी प्रसिद्ध होता. सासरी तो नुकताच ओळखीचा होत होता.

त्याच रागात मी बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या धुवायला काढल्या. एकीच्या तळाशी छापील कागद निघाला. घरात वाचता येणारी बाई मी एकटी. खताचं लिहिलं होतं, फवारणीचं लिहिलं होतं, आणि खाली लिहिलं होतं की या पिकातले दाणे पुढच्या हंगामात बियाणे म्हणून पेरू नयेत, दरवर्षी नवे बियाणे घ्यावे. मी ते दोनदा वाचलं. खिडकीतून पाहिलं तर प्रयागबाई अंगणात बसून लाल लुगडं फाडत होत्या. त्या कशासाठी फाडत होत्या ते मला चांगलं कळत होतं. कागदाची घडी केली आणि पेटीत साड्यांच्या खाली ठेवली. मनात म्हटलं, यांना सगळं येतं ना, मग हेही येत असेल. विचारलं तर सांगू. मला कोण विचारणार होतं?

चार सकाळी त्या हायब्रीडच्या वावरात हिंडल्या आणि चिंध्या बांधून आल्या. मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली. जुन्या ज्वारीचं बियाणं त्या वर्षी पेरलंच गेलं नव्हतं, ते गाडगं तसंच लिंपलेलं होतं. नव्या बियाण्याला जागा पाहिजे म्हणून त्यांनी ते फोडलं, राख धुऊन दाणे वाळवले आणि दिवाळीत त्याच्या भाकरी वेचणीच्या बायकांना वाढल्या. मीच थापल्या त्या. गोड लागत होत्या. इतर घरांतही हेच झालं, कारण प्रयागबाईंनी नवं बियाणं धरलं म्हटल्यावर जुनं कोण सांभाळून ठेवतो?

अडुसष्टच्या मृगात आमच्यासकट आठ घरांनी ते पेरलं. पाऊस चांगला झाला. आणि भादव्यापासून पीक वेडंवाकडं निघू लागलं. एक झाड गुडघ्याएवढं, त्याच्या शेजारचं डोक्याच्या वर. एकाचं कणीस भरलेलं, एकाचं झाडूसारखं मोकळं, एक पिकतंय तोवर दुसरं फुलतंय. प्रयागबाई आधी आपल्या वावरात गेल्या, मग एकेक करून सातही घरांच्या वावरांत जाऊन आल्या. कुणी त्यांना बोल लावला नाही. भांडलं असतं कुणी तर बरं झालं असतं, निदान त्यांना उत्तर देता आलं असतं. पण लोक त्यांना पाहून मोटेची, बैलांची, कापसाची गोष्ट काढत, ज्वारी सोडून सगळं बोलत.

कोजागिरी झाली. त्या वर्षी लुगडं फाडलं गेलं नाही. प्रयागबाई सकाळपासून ओसरीवर तुरीच्या काड्यांची टोपली विणत बसत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशा, आणि वरचा बांबू रिकामा. काय घेऊन येणार होते लोक? एकदा मी तो बांबू काढून ठेवू का म्हणून विचारलं. राहू दे, म्हणाल्या. चिमण्या सवयीनं येऊन बसत आणि उडून जात. तीस वर्षांत त्यांचं बियाणं चुकलं नव्हतं. ते चुकलं, आणि जुनंही त्यांच्याच हातानं संपलं. आता गावाला देण्यासारखं त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं, आणि याच्याशिवाय दुसरं काही त्यांना कधी हवंही नव्हतं. माझ्या पेटीतला कागद मला दिवसभर आठवत राहायचा.

दिवाळीला आठ दिवस होते तेव्हा तुळसाबाई आली. पदराखालून तिनं एक कणीस काढलं आणि प्रयागबाईंच्या हातात दिलं. लांब, थोडं वाकलेलं, पिवळसर पांढऱ्या दाण्याचं, जुन्या वाणाचं. हायब्रीडच्या पिशवीचे पैसे तिला जमले नव्हते आणि नेमाप्रमाणे तिनं आपल्या तुकड्यात प्रयागबाईंचंच जुनं बियाणं धरून ठेवलं होतं, दरसाल स्वतः निवडून. प्रयागबाईंनी कणीस फिरवलं. दाणा फोडला. तुळसाबाई म्हणाली, "यंदा मधातलं आणलं, बाई."

प्रयागबाईंनी उठून ते बांबूला बांधलं. मला वाटलं आता बियाणं मागतील. पण तुळसाबाई निघून गेली तरी त्यांनी मागितलं नाही. दोन दिवस प्रयागबाई त्या एका कणसाखाली बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "मले मागाची सवय नाई वं, तारा."

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. आत जाऊन पेटी उघडली, कागद आणला, त्यांच्या समोर बसून वाचून दाखवला. हा कधी सापडला, असं त्यांनी विचारायच्या आत सांगून टाकलं. "मागच्या आश्विनातच सापडला होता, आत्याबाई. तुम्ही माही ओसरी पुन्हा सारवली, त्याचा राग होता मले. म्हणून नाई सांगतलं."

त्यांनी कागद हातात घेतला, उलटा धरून पाहिला, आणि पुन्हा वाच म्हणाल्या. मी पुन्हा वाचला.

"सांगतलं असतं त मी ऐकलं असतं काय?" त्या म्हणाल्या. "धुऱ्यावरचं घेऊ नोको, असं साऱ्या गावाले सांगत आली मी. अन् ते अख्खं वावरच धुऱ्यावरच्यासारखं माजलं होतं. खत खाऊन, मोकळं राहून. मले तेव्हाच समजाले पाहिजे होतं. मीच भुलली." मग त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "पण ओसरीचा राग तू बियाण्यावर काढला, हे चांगलं नाई केलं."

एवढंच. आवाज चढवला नाही. मी रडले, त्यांनी रडू दिलं, समजूत घातली नाही. आजही मला त्यांचं ते न समजावणं बरं वाटतं, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बियाण्याचं गाडगं घासलं. रिकामं भांडं घेऊन बियाणं मागायला जात नाहीत, म्हणून तळाशी गुळाचा खडा ठेवला. मला सोबत यायला सांगितलं. गावाच्या मधल्या रस्त्यानं गेलो, मागच्या पांदणीनं नाही. रुपरावांच्या घरच्यांनी पाहिलं, विहिरीवरच्या बायकांनी पाहिलं. तुळसाबाई अंगणात गोवऱ्या उलट्या करत होती. प्रयागबाईंनी गाडगं तिच्या समोर ठेवलं आणि म्हणाल्या, "तुळसाबाई, बियाणं पाहिजे."

तुळसे नाही, तुळसाबाई. तिलाही ते ऐकू आलं असावं, कारण ती हात पुसायचं विसरली. घरात गेली आणि चुलीवरची सगळी कणसं उतरवून घेऊन आली. सोळा होती. तिनं ती दोन ढिगांत आठ-आठ केली आणि एक ढीग पुढे सरकवला. प्रयागबाईंनी चारच घेते म्हटलं, तिनं ऐकलं नाही. आम्ही निघताना तुळसाबाईनं गूळ तोंडात टाकला आणि आपल्या हसऱ्या चेहऱ्यानंच सांगितलं, "नेम माहीत हाय ना, बाई? कणीस दाखवाले आणाले लागते."

आठ कणसांत चार एकर होत नाही. एकोणसत्तरच्या मृगात मधुकररावांनी पुन्हा हायब्रीडच्या पिशव्या आणल्या, नव्या, आणि या वेळी कागद मला आधी वाचायला लावला. प्रयागबाईंनी त्याला ना म्हटलं नाही. फक्त वावराच्या बरोबर मधात एक चौकोन त्यांनी आखून घेतला आणि त्यात तुळसाबाईचे दाणे एकेक करून हातानं टोबले. दिवस सरले तसा त्या बुटक्या पिकाच्या मधोमध तो चौकोन वर निघाला. धुऱ्यावर उभं राहिलं तरी दिसायचा.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी लुगडं फाडलं. चिंध्या माझ्या ओच्यात दिल्या आणि म्हणाल्या, यंदा तू बांध. त्या धुऱ्यावर बसून राहिल्या. मला दोन सकाळी लागल्या. एकेका झाडापुढे उभी राहून घाम फुटायचा. सव्वीस चिंध्या बांधल्या. मग त्या उठल्या आणि चौकोनात शिरल्या, आणि मला ती ओसरी आठवली. शेणाचं घमेलं आठवलं. त्या प्रत्येक झाडापाशी थांबल्या, वरपासून खालपर्यंत पाहिलं. एका झाडाची चिंधी सोडली आणि माझ्या हातात परत दिली. बाकी पंचवीस तशाच ठेवल्या. मला राग आला नाही. खरं सांगायचं तर एका चिंधीपुरता आला.

त्यांतलंच एक कणीस घेऊन आम्ही तुळसाबाईकडे गेलो. पुन्हा मधल्या रस्त्यानं. प्रयागबाईंनी ते पदराखाली घेतलं नाही, हातात उभं धरलं. तुळसाबाईनं आम्हाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आणि कणीस घेऊन उजेडात गेली. तिला घाई नव्हती. मान पाहिली, दाणे बोटानं चाचपले. मग मागे वळून तिनं गंभीर तोंड करून विचारलं, "धुऱ्यावरचं त नाई ना, बाई?"

प्रयागबाईंना हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्या खाटेच्या कडेला, हात मांडीवर ठेवून, नव्या सुनेसारख्या बसल्या होत्या. "नाई वं," त्या म्हणाल्या. "मधातलं हाय. आमच्या तारानं निवडलं."

तुळसाबाईनं एक दाणा काढला, दाढेखाली फोडला, थोडा वेळ चघळला. आणि छपराच्या वाशाला सुतळीनं कणीस बांधून टाकलं.

परत येताना प्रयागबाई माझ्या पुढे भराभर चालत होत्या. मला वाटलं, त्यांना लागलं असेल. ज्यांच्या ओसरीला उभं गाव कणसं आणायचं, त्यांचं कणीस आज नाल्याकाठच्या झोपडीला टांगलं गेलं होतं. ओसरीवर पोचलो तेव्हा त्यांनी चपला काढल्या, रिकाम्या बांबूकडे एकदा पाहिलं, आणि मी कधी पाहिलं नव्हतं इतकं समाधान त्यांच्या तोंडावर होतं.

"पाह्यलं तू?" त्या म्हणाल्या. "माह्याकडून आलं, तरी दाणा फोडल्याबिगर तिनं बांधलं नाई."